जॉन पोस्टेल

जोनाथन ब्रूस पोस्टेल (६ ऑगस्ट १९४३ – १६ ऑक्टोबर १९९८) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. इंटरनेटच्या, म्हणजेच आंतरजालाच्या, जडणघडणीत आणि विशेषतः त्याच्या कारभारात त्यांचा वाटा पायाभूत मानला जातो. आंतरजालावर लागणारे क्रमांक, संकेतस्थळांच्या नावांची उतरंड आणि संगणकांनी परस्परांशी कसा संवाद साधावा याचे लिखित नियम, या तिन्ही गोष्टींच्या नोंदी त्यांनी जवळजवळ तीन दशके सांभाळल्या. हा अधिकार त्यांना कोणत्याही कायद्याने किंवा निवडणुकीने मिळालेला नव्हता. तो सहकाऱ्यांच्या विश्वासातून आला आणि त्या विश्वासाच्या बळावरच टिकला. त्यामुळे इंटरनेट कोणाचे आणि त्याचा कारभार कोणी पाहावा, या प्रश्नाचा इतिहास पोस्टेल यांच्या चरित्रापासून वेगळा काढता येत नाही.

जन्म आणि शिक्षण

पोस्टेल यांचा जन्म अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील अल्टाडिना येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये झाले. पुढे इंटरनेटच्या उभारणीत ज्यांची नावे अग्रक्रमाने घेतली गेली ते व्हिंटन सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेदेखील याच शाळेचे विद्यार्थी होते.

शाळेनंतर पोस्टेल यांनी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात (यूसीएलए) प्रवेश घेतला. तेथून त्यांनी १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रातील पीएच.डी. मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय संगणकांमधील संवादाच्या नियमांचे, म्हणजे प्रोटोकॉलचे, आलेखांच्या साहाय्याने विश्लेषण करणे हा होता. दोन यंत्रे परस्परांशी बोलताना कोठे अडतील, कोणत्या क्षणी एकमेकांची वाट पाहत थांबून राहतील, हे आधीच शोधून काढता येते का, याचा विचार त्यांनी त्यात केला. नियमांच्या नेमकेपणाविषयीची ही आस्था पुढे त्यांच्या सर्व कामात दिसून येते.

अर्पानेट आणि क्रमांकांची वही

पोस्टेल विद्यार्थी असतानाच अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या अर्पा या संशोधन संस्थेने दूरदूरचे संगणक एकमेकांना जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला होता. अर्पानेट या नावाने ओळखल्या गेलेल्या या जाळ्याचे पहिले केंद्र यूसीएलए येथे, प्राध्यापक लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत उभारले गेले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी तेथून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाकडे पहिला संदेश पाठवण्यात आला. संदेशाची पहिली दोनच अक्षरे पोहोचली आणि समोरचा संगणक बंद पडला. त्याच वर्षाच्या अखेरीस जाळ्यात चार केंद्रे होती. पोस्टेल हे या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांच्या गटात होते.

जाळे वाढू लागले तसा एक साधा वाटणारा प्रश्न उभा राहिला. संगणकावरील प्रत्येक सेवेला ओळखण्यासाठी क्रमांक लागतो. निरनिराळ्या विद्यापीठांतील लोकांनी आपापल्या सोयीने क्रमांक निवडले, तर एकच क्रमांक दोन कामांसाठी वापरला जाण्याचा धोका होता. टपालाच्या दोन गावांना एकच पिनकोड दिल्यास जो गोंधळ होईल, तसाच हा गोंधळ. मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी एका टिपणाद्वारे असे सुचवले की, अधिकृत क्रमांक देण्याचे काम कोणातरी एका व्यक्तीकडे असावे. ती व्यक्ती आपण स्वतः असावी का, असेही त्यांनी त्यात प्रश्नचिन्हासह विचारले. कोणी हरकत घेतली नाही आणि ते काम त्यांच्याकडे आले. सुरुवातीला या नोंदी कागदावर हाताने ठेवल्या जात. आज ई-मेल पोहोचवण्यासाठी २५, नावांच्या चौकशीसाठी ५३ आणि संकेतस्थळांसाठी ८० हे क्रमांक जगभर सारखेच वापरले जातात, ते याच नोंदीच्या परंपरेतून.

यूसीएलए सोडल्यानंतर पोस्टेल यांनी काही काळ मायटर कॉर्पोरेशन आणि नंतर स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांच्या केंद्रात काम केले. मार्च १९७७ मध्ये ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत रुजू झाले. मरीना डेल रे येथील ही संस्था त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. ते जेथे गेले तेथे क्रमांकांची नोंदही त्यांच्याबरोबर गेली, कारण ती एखाद्या कार्यालयाची नव्हे तर त्यांची जबाबदारी समजली जात होती.

आरएफसी दस्तऐवजांचे संपादन

एप्रिल १९६९ मध्ये स्टीव्ह क्रॉकर यांनी अर्पानेटविषयीचे पहिले टिपण लिहिले. या टिपणांना आरएफसी असे नाव पडले. मते मागवण्यासाठी काढलेले टिपण, असा त्या नावाचा आशय आहे. विद्यार्थ्यांनी वरिष्ठांना आपण आदेश देत आहोत असे वाटू नये म्हणून हे नम्र नाव निवडले होते. कालांतराने हीच टिपणे इंटरनेटची नियमपुस्तिका ठरली. ती कोणालाही विनामूल्य मिळत. ती वाचून जगातील कोणीही यंत्र किंवा प्रणाली तयार करू शकत असे आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नसे. इंटरनेटच्या झपाट्याच्या प्रसारामागे हा मोकळेपणा हे एक मोठे कारण होते.

पोस्टेल या मालिकेचे संपादक झाले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे २८ वर्षे, ते काम त्यांनी केले. प्रत्येक मसुदा वाचणे, त्यातील संदिग्ध शब्द बदलून घेणे, आधीच्या दस्तऐवजाशी विसंगती असल्यास ती लेखकाच्या नजरेस आणणे आणि मजकूर प्रसिद्धीयोग्य नसल्यास तो परत पाठवणे, अशा स्वरूपाचे हे काम होते. संपादनाच्या आणि क्रमांकवाटपाच्या कामात जॉइस रेनॉल्ड्स या त्यांच्या दीर्घकालीन सहकारी होत्या. स्वतः पोस्टेल यांचे नाव लेखक किंवा सहलेखक म्हणून २०० हून अधिक दस्तऐवजांवर आहे. १ एप्रिलला काही विनोदी टिपणेही या मालिकेत अधिकृत क्रमांक घेऊन प्रसिद्ध होत. संपादकाला त्याचे वावडे नव्हते.

टीसीपी आणि आयपी

व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये निरनिराळी जाळी एकमेकांना जोडण्याची पद्धत मांडली. तिच्या पहिल्या स्वरूपात दोन कामे एकाच नियमावलीत होती. एक, माहितीच्या लहान लहान भागांना, म्हणजे पॅकेटना, योग्य ठिकाणी पोहोचवणे. आणि दुसरे, ती सर्व पॅकेट क्रमाने आणि न हरवता आली आहेत याची खात्री करणे. ऑगस्ट १९७७ मध्ये पोस्टेल यांनी एका टिपणात या रचनेवर टीका केली. ही दोन कामे स्वतंत्र थरांत ठेवावीत, असा त्यांचा आग्रह होता.

टपालाच्या उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट होतो. वाटेतील प्रत्येक टपाल कचेरीला पाकिटावरील पत्ता पाहणे पुरेसे असते. आतील पत्राची सर्व पाने आली की नाहीत, हे तपासणे पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे काम. त्याप्रमाणे १९७८ मध्ये पत्त्याचे काम आयपी या नियमावलीकडे आणि पोच व क्रम राखण्याचे काम टीसीपीकडे सोपवण्यात आले. या चर्चेत सर्फ आणि पोस्टेल यांच्याबरोबर डॅनी कोहेन यांचाही सहभाग होता. ध्वनीच्या थेट प्रक्षेपणात हरवलेला तुकडा पुन्हा मागवण्यापेक्षा पुढचा तुकडा वेळेवर येणे महत्त्वाचे असते. अशा उपयोगांसाठी पोस्टेल यांनी १९८० मध्ये यूडीपी ही अत्यंत आटोपशीर नियमावली लिहिली.

सप्टेंबर १९८१ मध्ये पोस्टेल यांच्या संपादनाखाली ७९१, ७९२ आणि ७९३ या क्रमांकांचे आरएफसी दस्तऐवज प्रसिद्ध झाले. इंटरनेटची मूळ घटना म्हणता येईल असे हे दस्तऐवज आहेत. ऑगस्ट १९८२ मध्ये ई-मेल पाठवण्याची एसएमटीपी ही नियमावली त्यांनी लिहिली. जुन्या पद्धतीवरून नव्या पद्धतीवर अर्पानेट कसे न्यायचे याचा आराखडाही त्यांचाच होता. जुनी पद्धत वापरणाऱ्यांनी बदल टाळू नये म्हणून १९८२ मध्ये ती काही काळ मुद्दाम बंद करून पाहण्यात आली आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट टीसीपी व आयपीवर आले.

पोस्टेल यांच्या नावाने एक तत्त्वही ओळखले जाते. स्वतः माहिती पाठवताना नियमांचे काटेकोर पालन करावे. परंतु दुसऱ्याकडून आलेल्या माहितीत किरकोळ दोष असला आणि तिचा अर्थ लागत असला, तर ती स्वीकारावी, असा त्याचा आशय आहे. निरनिराळ्या लोकांनी स्वतंत्रपणे घडवलेल्या प्रणाली एकत्र नांदू शकल्या त्या या उदारतेमुळे. मात्र अशा सवलतीमुळे सदोष प्रणाली तशाच टिकून राहतात आणि सुरक्षिततेला बाधा येते, अशी टीका पुढील काळातील तज्ज्ञांनी केली आहे.

नावांची व्यवस्था

क्रमांक यंत्रांना सोयीचे असले तरी माणसांना नावे लक्षात राहतात. अर्पानेटच्या काळात सर्व संगणकांची नावे आणि क्रमांक यांची एकच यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत, एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ठेवली जाई आणि इतर सर्व केंद्रे ती उतरवून घेत. संगणकांची संख्या वाढल्यावर ही पद्धत अपुरी पडू लागली. पर्याय म्हणून आलेल्या पाच प्रस्तावांतून मध्यममार्ग काढण्याचे काम पोस्टेल यांनी आपले सहकारी पॉल मोकापेट्रिस यांच्यावर सोपवले. मोकापेट्रिस यांनी ते पाचही बाजूला ठेवून स्वतःची नवी रचना तयार केली. १९८३ मध्ये जाहीर झालेली ही रचना म्हणजे डोमेन नावांची प्रणाली, अर्थात डीएनएस.

या रचनेत सर्व नावे कोणा एकाकडे नसतात. शिखरावर एक लहानशी मूळ यादी असते आणि कोणत्या शाखेची चौकशी कोणाकडे करावी, एवढेच ती सांगते. ऑक्टोबर १९८४ मध्ये पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांनी या शाखा कोणत्या असाव्यात ते मांडले. व्यापारी संस्थांसाठी डॉट कॉम, शिक्षणसंस्थांसाठी डॉट ईडीयू, इतर संघटनांसाठी डॉट ऑर्ग अशा काही सामान्य शाखा आणि प्रत्येक देशासाठी दोन अक्षरांची शाखा, अशी ती मांडणी होती.

देशांच्या शाखांचा प्रश्न राजकीयदृष्ट्या नाजूक होता. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही, हे ठरवण्याच्या वादात पोस्टेल पडले नाहीत. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या आयएसओ ३१६६ या यादीत ज्याचे नाव असेल त्याला शाखा, असा नियम त्यांनी स्वीकारला. यादी कोणी करावी याची स्वतंत्र कार्यपद्धती त्या संघटनेकडे असल्याने हा भार आपल्यावर घेण्याचे कारण नव्हते. एका संगणक अभियंत्याने राजनैतिक पेचातून काढलेली ही वाट आजही मुख्यत्वे वापरात आहे.

मार्च १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५९१ क्रमांकाच्या आरएफसीमध्ये पोस्टेल यांनी या कारभारामागची भूमिका नोंदवली. एखाद्या देशाची शाखा सांभाळणारी व्यक्ती किंवा संस्था तिची मालक नसून त्या देशातील लोकांची आणि जगभरच्या वापरकर्त्यांची विश्वस्त आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अशा ठिकाणी हक्कांची आणि मालकीची भाषा गैरलागू ठरते. जबाबदारी आणि सेवा यांचाच विचार व्हावा, असे ते मानत. इंटरनेटच्या कारभाराविषयीचा त्यांचा संपूर्ण दृष्टिकोन या छोट्या दस्तऐवजात सामावलेला आहे.

आयाना आणि वापरकर्त्यापर्यंतची साखळी

क्रमांकवाटपाच्या या कामाला १९८० च्या दशकाच्या अखेरीस आयाना हे नाव मिळाले. क्रमांक नेमून देणारे प्राधिकरण, असा त्याचा अर्थ. नाव भारदस्त असले तरी प्रत्यक्षात ते पोस्टेल आणि त्यांचे मोजके सहकारी यांचेच काम होते. त्याचा खर्च अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन निधीतून विद्यापीठाला मिळणाऱ्या कंत्राटावर चाले.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत ३२ अंकी द्विमान पत्ते आहेत. त्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी इतकेच होतात. ते सर्व एकाच ठिकाणाहून वाटणे अशक्य झाल्यावर प्रादेशिक नोंदणी संस्था स्थापन होऊ लागल्या. युरोपसाठी १९९२ मध्ये राइप एनसीसी, आशिया व प्रशांत महासागरीय प्रदेशासाठी १९९३ मध्ये एपनिक आणि उत्तर अमेरिकेसाठी १९९७ मध्ये एरिन या संस्था सुरू झाल्या. लॅटिन अमेरिका आणि आफ्रिका यांच्या संस्था पोस्टेल यांच्या मृत्यूनंतर आल्या.

आज एखाद्या घरातील व्यक्ती मोबाइल किंवा राउटर सुरू करते तेव्हा ही साखळी कामाला लागते. इंटरनेट सेवा देणारी कंपनी त्या जोडणीला आपल्याकडील एक पत्ता देते. पत्ते अपुरे असल्याने पुष्कळदा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटून वापरला जातो. कंपनीला पत्त्यांचा गट प्रादेशिक किंवा राष्ट्रीय नोंदणी संस्थेकडून आणि त्या संस्थेला तो आयानाच्या मूळ नोंदीतून मिळालेला असतो. वापरकर्त्याने संकेतस्थळाचे नाव लिहिले की कंपनीचा सर्व्हर त्या नावाचा क्रमांक शोधतो. उत्तर त्याच्याजवळ साठवलेले नसल्यास तो गरजेप्रमाणे रूट सर्व्हरला संबंधित शाखेचा ठिकाणा विचारतो आणि तेथून पायरीपायरीने खाली जातो. हे सर्व क्षणार्धात घडते. कोठेही एकच क्रमांक दोघांना दिलेला नाही, या एका खात्रीवर ही साखळी उभी आहे. ती खात्री राखणे हेच पोस्टेल यांचे काम होते.

नावांचा व्यापार आणि वाद

१९९३ पासून डॉट कॉम व इतर काही शाखांतील नावे नोंदवण्याचे काम अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाबरोबरच्या करारानुसार नेटवर्क सोल्यूशन्स ही खासगी कंपनी करीत होती. तोपर्यंत नोंदणी विनामूल्य होती. सप्टेंबर १९९५ मध्ये शुल्क घेण्यास परवानगी मिळाली आणि प्रत्येक नावासाठी दोन वर्षांचे १०० डॉलर आकारले जाऊ लागले. वेबच्या प्रसारामुळे नावांना बाजारमूल्य आले होते. एकाच कंपनीला त्याची मक्तेदारी असणे अनेकांना खटकू लागले.

पोस्टेल यांनी १९९६ मध्ये नव्या शाखा निर्माण करून त्या निरनिराळ्या नोंदणीदारांकडे द्याव्यात, असा प्रस्ताव मांडला. त्यातून आयाना आणि इंटरनेट सोसायटी यांच्या पुढाकाराने एक आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली. तिने सात नव्या शाखांची शिफारस केली आणि त्यासंबंधीच्या सामंजस्य करारावर मे १९९७ मध्ये जिनिव्हा येथे स्वाक्षऱ्या झाल्या. अमेरिकन सरकारने मात्र या व्यवस्थेला पाठिंबा दिला नाही. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांच्याकडे हा विषय होता. ज्या मूळ यादीवर इंटरनेटची नावे अवलंबून आहेत तिच्यावर अंतिम अधिकार कोणाचा, हा आजवर कोणी थेट न विचारलेला प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिला नव्हता.

जानेवारी १९९८ मधील घटना

त्या काळी जगात १३ रूट सर्व्हर होते. पहिला सर्व्हर नेटवर्क सोल्यूशन्सकडे होता आणि उरलेले १२ त्याच्याकडून मूळ यादीची प्रत घेत. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी या १२ पैकी आठ सर्व्हरच्या चालकांना ई-मेल पाठवून, यापुढे यादीची प्रत आयानाच्या संगणकावरून घ्यावी, असे कळवले. आठही चालकांनी त्यांचे म्हणणे मानले. उरलेले चार सर्व्हर अमेरिकन शासनाशी संबंधित यंत्रणांकडे होते आणि ते पूर्ववत राहिले.

दोन्हीकडची यादी एकसारखीच असल्याने सामान्य वापरकर्त्याला काहीही जाणवले नाही. कोणतेही संकेतस्थळ बंद पडले नाही. तरीही या घटनेचा अर्थ मोठा होता. आयानाच्या संगणकावर एखादी नवी शाखा जोडली गेली असती, तर जगातील बहुसंख्य रूट सर्व्हरनी ती मान्य केली असती आणि कंपनी किंवा सरकार यांच्या संमतीची गरज उरली नसती. वॉशिंग्टनमधून तातडीने विचारणा झाली. हा केवळ तांत्रिक प्रयोग होता, असे पोस्टेल यांनी सांगितले आणि सूचना मिळाल्यावर थोड्याच दिवसांत सर्व बदल मागे घेतले.

या कृतीकडे दोन दृष्टींनी पाहिले गेले आहे. काहींच्या मते भविष्यात मूळ यादी दुसरीकडे हलवावी लागल्यास ते सुरळीत होईल का, याची ती चाचणी होती. इतरांच्या मते इंटरनेटचा अधिकार ते घडवणाऱ्या तांत्रिक समुदायाकडे आहे, हे दाखवून देण्याचा तो प्रयत्न होता. या घटनेने दोन गोष्टी एकाच वेळी सिद्ध केल्या. पोस्टेल यांच्या केवळ एका शब्दावर जगभरचे चालक विश्वास ठेवत होते. आणि तो शब्द सरकारपुढे टिकू शकत नव्हता. सुमारे तीन कोटी संगणक जोडले गेलेल्या जाळ्याचा कारभार एका व्यक्तीच्या सचोटीवर सोडणे यापुढे शक्य नाही, हे त्यांच्या मित्रांना आणि विरोधकांनाही मान्य करावे लागले.

आयकॅनची स्थापना आणि मृत्यू

३० जानेवारी १९९८ रोजी अमेरिकन सरकारने नावे व क्रमांक यांच्या व्यवस्थापनाविषयीचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यावर आलेल्या हरकतींनंतर ५ जून रोजी सुधारित धोरण जाहीर झाले. हा कारभार नफा न कमावणाऱ्या खासगी संस्थेकडे सोपवावा, असे त्यात म्हटले होते. अशा संस्थेची घटना तयार करण्याचे काम पोस्टेल यांनी कायदेतज्ज्ञांच्या मदतीने केले. ३० सप्टेंबर १९९८ रोजी आयकॅन या संस्थेची कॅलिफोर्नियात नोंदणी झाली. ७ ऑक्टोबर रोजी पोस्टेल यांनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे या नव्या व्यवस्थेविषयी साक्ष दिली.

पोस्टेल यांना हृदयाच्या झडपेचा विकार होता. शस्त्रक्रियेनंतर प्रकृती ढासळून १६ ऑक्टोबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५५ वर्षांचे होते. आयकॅन आणि अमेरिकेचे वाणिज्य खाते यांच्यातील सामंजस्य करार २५ नोव्हेंबर रोजी झाला. तो पाहण्यास ते हयात नव्हते. त्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी व्हिंटन सर्फ यांनी लिहिलेली श्रद्धांजली आरएफसी मालिकेतच २४६८ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली.

व्यक्तिमत्त्व

लांब दाढी, साधा पोशाख आणि पायात सँडल, असे पोस्टेल यांचे रूप परिचितांच्या स्मरणात राहिले. सिएरा नेवाडा पर्वतात पाठीवर सामान घेऊन भटकंती करणे त्यांना आवडे. प्रसिद्धीपासून ते दूर राहत. १९९७ मध्ये द इकॉनॉमिस्ट या साप्ताहिकाने त्यांचे इंटरनेटवरील स्थान सांगताना देवाची उपमा वापरली होती. त्यांचे प्रत्यक्ष काम मात्र एखाद्या दक्ष कारकुनाचे किंवा ग्रंथपालाचे होते. नावांना बाजारात मोठी किंमत आलेल्या काळातही त्यांनी विद्यापीठातील पगारी नोकरीच केली.

वारसा

पोस्टेल यांच्यानंतर आरएफसीच्या संपादनाचे काम जॉइस रेनॉल्ड्स आणि बॉब ब्रेडन यांनी पुढे चालवले. आयानाची कामे आयकॅनकडे गेली. अमेरिकन सरकारची देखरेख मात्र त्यानंतरही १८ वर्षे राहिली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी संबंधित करार संपला आणि सरकारे, कंपन्या, तंत्रज्ञ व वापरकर्ते यांचा सहभाग असलेल्या रचनेकडे ही जबाबदारी आली. त्यानंतरची आयकॅनची पहिली जाहीर बैठक नोव्हेंबर २०१६ मध्ये हैदराबाद येथे झाली. आयानाकडील चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांचा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला असून आता १२८ अंकी द्विमान पत्ते असलेल्या सहाव्या आवृत्तीचा वापर वाढत आहे.

भारताच्या डॉट इन या शाखेची नोंद पोस्टेल यांच्या कार्यकाळातच, मे १९८९ मध्ये झाली. तिचे काम प्रारंभी मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होते. शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणाऱ्या अर्नेट या जाळ्यात या केंद्राचा महत्त्वाचा वाटा होता. सर्वसामान्य ग्राहकांना भारतात इंटरनेट मिळू लागले ते त्यानंतर सहा वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतील डॉट भारत ही शाखा सुरू झाली आणि मराठी व कोकणीसह आठ भाषांत संकेतस्थळाचे संपूर्ण नाव लिहिणे शक्य झाले. पोस्टेल यांच्या काळात या यादीतील नावे केवळ रोमन अक्षरांत असत. तिच्यात आता अनेक लिप्यांतील शाखा आहेत. प्रत्येक नाव एकदाच आणि एकाच विश्वस्ताकडे द्यायचे, हा नियम मात्र बदललेला नाही.

सन्मान

पोस्टेल हे १९९२ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनेट सोसायटीचे पहिले वैयक्तिक सदस्य आणि तिच्या विश्वस्त मंडळाचे सभासद होते. १९९७ मध्ये संगणक जाळ्यांच्या क्षेत्रातील सिगकॉम पुरस्कार त्यांना आणि फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पूझाँ यांना मिळाला. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने त्यांना रौप्यपदक दिले. इंटरनेट सोसायटीने त्यांच्या नावाने सेवा पुरस्कार सुरू केला आणि १९९९ मधील पहिला पुरस्कार मरणोत्तर त्यांनाच दिला. २०१२ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये आद्य प्रवर्तक म्हणून त्यांचा समावेश झाला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेतील एका संशोधन केंद्रालाही त्यांचे नाव देण्यात आले.